वाघाचा डावा कान

बाहेरचा माणूस चंद्रपूर ओळखतो ते दोन गोष्टींमुळे, ऊन आणि वाघ. उन्हाची जाहिरात करावी लागत नाही. मे महिन्यात पारा ४७-४८च्या घरात गेला की ते स्टेशनवर उतरल्या उतरल्या अंगावर येतं. वाघाचं तसं नाही. पहाटे उठून, जिप्सी ठरवून, मोहर्लीच्या गेटवर ओळखपत्र दाखवून ताडोबात शिरलं तरी तो दिसेलच याची हमी खुद्द वनखातंही देत नाही. मग पाहुण्याची निराशा नको, म्हणून आम्ही त्याला सिमेंटमध्ये घडवून चौकात, कमानीवर, रिसॉर्टच्या फाटकाशी, बागेत आणि जमेल तिथे बसवला आहे.

या सिमेंटच्या वाघांचा अभ्यास व्हायला हवा. एकाकडे पाहिलं की त्याच्या दाढेची चौकशी करावीशी वाटते. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पेन्शनचं प्रकरण वरच्या टेबलावर अडकल्याचा भाव आहे. तिसऱ्याला कारागिराने मिशा अशा काढल्या आहेत की तो नाटकातला पाटील वाटतो. आणि झाडीपट्टीतला कारागीर असेल, तर तो खरोखरच नाटकाचे पडदे रंगवून आलेला असतो. पण एक मानावंच लागेल. यातले दोन वाघ कधीही सारखे नसतात. हाताने केलेल्या वाघाला निदान स्वतःचं तोंड असतं, मग ते कसंही असो.

ही परिस्थिती बदलली ती आमच्या गल्लीतल्या काकाजींमुळे.

काकाजी निवृत्त वनपाल. जिल्ह्यातल्या भाषेत राऊंड ऑफिसर. उभी हयात जंगलात गेली, आणि घरी परतले तेव्हा सोबत एक लाकडी पेटी होती. तिच्यात रद्दीत गुंडाळलेली वाघाची पावलं. प्लास्टरची. पूर्वी वाघ मोजायचे ते पावलांवरून. १९६६च्या सुमारास ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी ही पद्धत बसवली आणि मग देशभर ती चालली. नाल्याच्या मऊ रेतीत मागच्या डाव्या पायाचा नीट उमटलेला ठसा शोधायचा, वर काच धरून तो पेनने उतरवायचा, किंवा भोवती पत्र्याची कडी उभी करून आत प्लास्टर ओतायचं. प्लास्टर म्हणजे भाजून पाणी उडवलेलं जिप्सम. पाणी परत मिळालं की ते पुन्हा दगड होतं, आणि होताना चांगलं गरमही होतं. थोड्या वेळाने उचलून रेती झटकली की वाघाचा पंजा हातात.

"वाघासारखा साचेकार नाही," काकाजी सांगतात. "चालता चालता साचा करून जाते. मजुरी मागत नाही, आगाऊ रक्कम मागत नाही."

या पद्धतीत एकच अडचण होती. वाघ तोच असला तरी ठसा कधी कोरड्या रेतीत, कधी ओल्या चिखलात, आणि काच कधी या गार्डाच्या हातात, कधी त्या गार्डाच्या. एका वाघाचे कागदावर दोन-तीन वाघ व्हायला वेळ लागत नसे. २००५ साली राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही नव्हता, हे उघड झालं आणि पावलांचा जमाना संपला. २००६च्या गणनेपासून झाडांना कॅमेरे बांधले गेले. वाघाच्या अंगावरचे पट्टे कोणत्याही दुसऱ्या वाघाशी जुळत नाहीत. इतकंच काय, त्याच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीशीही जुळत नाहीत. म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा लावून दोन्ही कुशींचे फोटो घ्यावे लागतात. काकाजींची पेटी एका रात्रीत इतिहासजमा झाली.

निवृत्त माणूस, रिकामा वेळ आणि प्लास्टरची जुनी सवय एका घरात आली, की पुढचं कोणी थांबवू शकत नाही. काकाजींनी ठरवलं, पर्यटकांसाठी वाघ करायचे. नुसता पंजा नको, अख्खा वाघ. टीव्हीवर ठेवता येईल एवढा, बसलेला, कान टवकारलेला.

मूळ वाघ सागाचा झाला. गल्लीतल्याच एका सुताराने कोरला. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून साग वाजतगाजत गेला, त्याच जातकुळीतला हा तुकडा, असं काकाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. वाघ देखणा झाला. फक्त शेवटच्या घडीला पटाशी निसटली आणि डाव्या कानाच्या कडेला एक लहानशी खाच पडली. सुतार म्हणाला, "पुट्टी भरून देतो जी." काकाजी म्हणाले, "राहू दे. जंगलात कोणत्या वाघाचा कान धड असते?"

हा उदारपणा पुढे कामाला येणार होता.

काकाजींना प्लास्टरचा साचा माहीत होता, पण पंजाचा ठसा आणि बसलेला वाघ यांत फरक असतो. ठसा वर उघडा असतो, सरळ उचलला की झालं. बसलेल्या वाघाला मात्र हनुवटीखाली खोबण, पोटाखाली पोकळी, शेपटी पायाभोवती गुंडाळलेली. त्याच्याभोवती कडक प्लास्टर घातलं तर वाघ आणि साचा दोघेही जन्मभर एकमेकांचे होतात. तिथे वाकणारा, ताणला जाणारा, खोबणीतून निमूट बाहेर येणारा साचा लागतो. म्हणजे रबराचा.

नागपूरहून कॅन आला. झाकण उघडलं आणि पहिल्यांदा आला तो वास. रबराचा चीक झाडावरून काढल्यावर काही तासांतच गोठायला लागतो. तो पातळ राहावा म्हणून त्यात अमोनिया घालतात. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "काऊन जी, मुतारी तुंबली का?" शेजारच्या मांजराने त्या दिवसापासून घर बदललं. मग कॅन अंगणात, चिंचेखाली गेला.

कॅनमध्ये दिसायला दूधच. मुळात त्यात साधारण तिसरा हिस्सा रबर असतं, बाकी पाणी. यंत्रात घुसळून रबर साठ टक्क्यांपर्यंत आणतात, आणि साच्याच्या कामासाठी त्याला आधीच गंधक देऊन तयार करतात, म्हणजे वाळल्यावर चिकट न राहता लवचीक होतं. गंधकाची ही करामत चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये केली. आता हा चीक केरळातून येतो, आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गाकडेही रबराच्या बागा आहेत, पण मूळ झाड ॲमेझॉनच्या जंगलातलं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने ब्राझीलमधून सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या आणि तिथून रबर आशियात पसरलं. ही हकीकत ऐकून काकाजींनी एकच प्रश्न विचारला, "टीपी होती का त्याच्यापाशी?"

जंगलातून बांबूची काडी न्यायची तर वाहतूक परवाना लागतो, अशा खात्यात हयात घालवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? विकहॅमला पुढे इंग्लंडच्या राजाने 'सर' केलं हे सांगितल्यावर काकाजी बराच वेळ गप्प होते. आमच्याकडे अशा माणसाची गाडी जप्त होते.

मग काम सुरू झालं. आधी वाघाला लाखेचं पॉलिश, लाकडाने चीक पिऊ नये म्हणून. मग तो एका टाइलवर मातीने पक्का बसवला. पहिला थर सगळ्यांत पातळ आणि सगळ्यांत महत्त्वाचा. हा थर जे टिपेल तेच पुढे वाघाचं रूप. ब्रशने चीक लावायचा, बुडबुडा दिसला की फुंकर घालायची, नाकपुडीत, कानात, मिशांच्या टिंबांत नीट उतरवायचा. खाली टाइलवरही दोन बोटं रुंद काठ सोडायचा, म्हणजे पुढे साचा धरायला जागा राहते. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्यायचा. नाहीतर केसांत रबर धरतं आणि ब्रशची काडी होते. काकाजींनी पहिले ब्रश कसे गमावले, ते काकूंना अजून माहीत नाही. त्यातला एक दिवाळीला तोरण रंगवायचा होता.

थर वाळला हे ओळखायची खूण सोपी. ओला चीक दुधासारखा पांढरा, वाळला की पारदर्शक होऊन मधाच्या रंगाचा होतो. पांढरा डाग कुठे राहिला असेल तर तिथे आत ओल आहे, थांबायचं. मग पुढचा थर. मग आणखी. आठ-दहा थर, मधल्या थरांत मजबुतीसाठी गॉजची पट्टी. काकाजी मेडिकलमध्ये गॉज घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने काळजीने विचारलं, "कोणाले लागलं जी काकाजी?"

"वाघाले," काकाजी म्हणाले.

दुकानदाराने आणखी काही विचारलं नाही. त्याला वाटलं, खात्याचं गुप्त काम असावं. संध्याकाळपर्यंत 'रामबागेकडे जखमी वाघ धरून ठेवलाय' ही बातमी दोन व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरली, आणि रात्री दोन पोरं दुर्बीण घेऊन काकाजींच्या कंपाउंडशी उभी होती.

चंद्रपूरचं ऊन या धंद्यात अर्धं मित्र आणि अर्धं शत्रू. थर झटपट वाळतो. पण जाड लावला तर वरची कातडी वाळते आणि आत चीक तसाच राहतो. कॅनचं झाकण उघडं राहिलं तर आत साय धरते. ऊन वाळलेल्या रबरालाही मानवत नाही, साचा चिकट होऊन चिरायला लागतो. तेल लागलं तर रबर फुगतं, तांब्या-पितळेचा संबंध आला तर सडतं. म्हणजे तेल लावलेल्या केसांची, तांब्याच्या तांब्याने पाणी पिणारी, उन्हात बसणारी माणसं साच्यापासून लांब ठेवायची. विदर्भात असं कोण उरलं? काकाजींनी अंगणात दोरी बांधून हद्द आखली आणि गल्लीत तिला 'बफर झोन' हे नाव पडलं. कोअरमध्ये फक्त काकाजी. बफरमध्ये सूनबाई, परवानगीने. बाकी आम्ही पर्यटक.

रबराचा साचा इतका मऊ की त्यात प्लास्टर ओतलं की तो प्लास्टरच्या वजनानेच फुगून वाघाचा गेंडा करतो. म्हणून बाहेरून दोन भागांत प्लास्टरचं कवच करायचं, आत रबर, बाहेर कवच. सगळं तयार झाल्यावर आतल्या सागाच्या वाघावरून साचा सोलायचा. आत-बाहेर टाल्कम पावडर लावायची, नाहीतर रबर रबराला धरतं आणि सुटत नाही. मग काठापासून पायमोजा काढावा तसा उलटत उलटत ओढायचा. काकाजींनी ओढला. वाघाचं तोंड ताणलं, नाक लांबलं, शेपटीची गुंडाळी सुटली, आणि फट्‌ करून साचा हातात आला. आत उलटा वाघ. प्रत्येक केस, प्रत्येक मिशी, आणि डाव्या कानाची खाच.

मऊ साच्याची ही हौस माणसाला आजची नाही. १८६९-७०मध्ये हेन्री हार्डी कोल या इंग्रज लेफ्टनंटने सांचीच्या पूर्व तोरणाची हुबेहूब प्रतिकृती लंडनच्या संग्रहालयासाठी करवून घेतली. त्यासाठी सांचीला टनावारी प्लास्टर आणि जिलेटीन नेलं होतं. रबर हाताशी येण्याआधी कोरीवकामाच्या खोबणींतून सुटणारे साचे करायला जिलेटीनच वापरत. बरं झालं तो साहेब चंद्रपुरात आला नाही. जटपुरा गेटवर गोंडराजांचं चिन्ह आहे, हत्तीवर झडप घालणारा सिंह. उघड्यावर त्याचा जिलेटीनचा साचा मे महिन्यात घेतला असता, तर सिंह आणि हत्ती दोघांचाही रस्सा होऊन गटारातून वाहिला असता. लालपेठेत उघड्यावर पडलेली दहा तोंडांची ती प्रचंड दगडी मूर्ती लोक रावण म्हणून ओळखतात. तिच्या साच्याला किती कॅन लागतील याचा हिशेब काकाजींनी एकदा मांडायला घेतला होता. पण काकूंनी वही बंद केली. तिकडे गडचिरोलीच्या टोकाला सिरोंचा तालुक्यात वडधमला तर निसर्गानेच कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडांचे दगड करून ठेवले. जीवाश्मांवरचे बारकावे टिपायला पुराजीवशास्त्रज्ञसुद्धा हाच रबराचा चीक वापरतात. म्हणजे काकाजींचा उद्योग शास्त्रीय आहे. काकाजी हे वाक्य दिवसातून दोनदा म्हणतात.

आता साच्यात ओतायचं काय? पेणच्या गणपती कारखान्यांत रबराचे साचे आणि प्लास्टर ही जोडी घरोघरी आहे. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२०मध्ये मूर्तींसाठी प्लास्टर नको असं सांगितल्यापासून त्यावर वाद, तारखा आणि निकाल चालू आहेत. भद्रावतीच्या एका ओळखीच्या कुंभाराने मातीचा सल्ला दिला. पण रबर पाणी शोषत नाही, माती त्यात ओलीच राहते. कुंभार म्हणाला, "मातीले प्लास्टरचाच साचा मानवते जी. रबरात तिले घाम येते." शेवटी प्लास्टरच ठरलं. वाघाचं विसर्जन होत नाही, एवढा मुद्दा काकाजींच्या बाजूने होता. वाघ नाहीसा होतो ते वेगळ्या कारणांनी.

पहिले काही वाघ बिनकानाचे निघाले. प्लास्टर ओतताना कानाच्या टोकात हवा अडकते. मग साचा तिरपा धरून टिचक्या मारत मारत प्लास्टर आत उतरवायची युक्ती सापडली आणि वाघांना कान आले. खाच असलेलाच डावा कान, प्रत्येकाला. सुताराने एका दुपारी केलेली चूक आता पिढ्यान्‌पिढ्या चालणार होती. साच्याला चूक आणि कौशल्य यांत फरक कळत नाही. दोन्ही तो सारख्याच भक्तीने उतरवून घेतो.

मग रंगकाम. हे काम सूनबाईंनी घेतलं, सोबत बचत गटातल्या दोघी. नारंगी सगळे सारखे. पण पट्टे मात्र हाताने. एकीला बारीक पट्टे आवडत, दुसरीला जाड, आणि तिसरी टीव्हीवर मालिका चालू असली की तिच्या वाघाचे पट्टे कथानकाप्रमाणे बदलत. साच्याने एकसारखे केलेले वाघ ब्रशने पुन्हा वेगवेगळे केले. काकाजींनी रांगेत मांडलेले वाघ पाहिले आणि चष्मा काढून पुसला. "दोन सारखे नाहीत," ते म्हणाले. "कॅमेऱ्याने मोजता येतील."

मोहर्लीच्या रस्त्यावर एका ओळखीच्या चहावाल्याच्या टपरीत वाघ ठेवले. पर्यटकाला नुसता वाघ नको असतो, त्याला नाव लागतं. ताडोबात माया नावाची वाघीण इतकी गाजली की तिचे फोटो देशभर भिंतींवर आहेत.

"ही माया आहे का?" पुण्याच्या बाई विचारायच्या.

"होय जी," चहावाला म्हणायचा.

"आणि हा मटकासुर?"

"होय जी. तो मटकासुरच." दोघेही एकाच साच्यातले, पण चहावाल्याला दर्दी गिऱ्हाईक कळत होतं. कानाची खाच पाहून एका नागपूरच्या फोटोग्राफरने विचारलं, "झुंजीत लागलं का?" चहावाल्याने आवाज खाली आणला. "अंधारी नदीपाशी झाली होती जी. मोठी झुंज." पटाशीशी झालेली झुंज होती ती, पण त्या दिवशी वाघाचा भाव पन्नास रुपयांनी वाढला.

धंदा जमला की नकलाही आल्याच. काही महिन्यांनी दुसऱ्या एका टपरीत बसलेले वाघ दिसू लागले. तेच बसणं, तीच शेपटी. टपरीवाला म्हणाला, आमच्या भाच्याने डोक्यातून काढला. काकाजींनी वाघ हातात घेतला, उलटसुलट केला, आणि पंजे तपासणाऱ्या माणसाच्या सवयीने थेट डाव्या कानाकडे गेले. खाच. तीच जागा, तोच कोन. पावलावरून वाघ ओळखायच्या काळात एखाद्याचं बोट वाकडं असलं, नख तुटलेलं असलं की तोच धागा धरून माग काढत. इथेही व्यंगानेच वंश पकडून दिला. आणखी एक पुरावा होता. हा वाघ किंचित बारका होता. रबर वाळताना थोडं आकसतं. वाघावरून साचा, साच्यातून वाघ, पुन्हा त्या वाघावरून साचा, असं चाललं तर प्रत्येक पिढीत वाघ थोडा थोडा लहान होत जातो. असंच चाललं तर दहा-बारा वर्षांनी ताडोबाच्या वाटेवर उंदराएवढे वाघ मिळतील, असा काकाजींचा अंदाज आहे. तक्रार करा, असं सगळ्यांनी सुचवलं. काकाजी म्हणाले, "कोणत्या कलमाखाली? अवैध शिकारीचं लागत नाही. हे तर अवैध पैदास आहे."

त्याऐवजी त्यांनी नोंदवही काढली. आता टपरीवर जाण्याआधी प्रत्येक वाघाचा डाव्या आणि उजव्या कुशीचा मोबाइलवर फोटो निघतो. क्रमांक पडतो, पट्ट्यांचं वर्णन, रंगवणारीचं नाव, रवाना झाल्याची तारीख. विकला गेला की 'स्थलांतर' असा शेरा. फुटला तर 'नैसर्गिक मृत्यू'. चहावाल्याच्या पोराच्या हातून पडला तर 'अपघाती', पंचनाम्यासह. सूनबाई म्हणतात, रंगवायला लागतो त्याहून जास्त वेळ नोंदीला लागतो. काकाजींचं म्हणणं, नोंद नसलेला वाघ असून नसल्यासारखा.

मार्चअखेर काकाजींनी कपाटातल्या वाघांची गणना केली. नोंदीत जेवढे होते त्याहून एक वाघ जास्त भरला. पुन्हा मोजले, पुन्हा एक जास्त. उभ्या नोकरीत काकाजींना असा आनंद कधी झाला नव्हता. फोटो काढून पट्टे ताडून पाहिले, एकाचे कुणाशीच जुळेनात. मग नातवाने कबूल केलं, शाळेची सहल मोहर्लीला गेली होती तेव्हा त्या दुसऱ्या टपरीतून त्याने खाऊच्या पैशात एक घेतला होता, आजोबांना आवडेल म्हणून.

सूनबाई म्हणाल्या, "फेकून द्या बाबा, चोरीचा आहे." काकाजींनी त्याची लांबी पट्टीने मोजली, कान पाहिला, दोन्ही कुशींचे फोटो काढले आणि वहीत नवीन ओळ लिहिली. 'बछडा, एक. वंशाची खूण, डावा कान. प्रकृती उत्तम. पालनपोषण सुरू.'